एडी लिओनिसच्या ज्वाला: कोपरखैरण्याच्या गच्चीवरील प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

तारा ठरवला. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांमागे साधारण तीन लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारे आहेत, आणि नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. त्यामुळे यादी लांब असली तरी ८ इंची दुर्बिणीच्या आवाक्यातली नावं मोजकीच उरतात.

प्रॉक्सिमा सेंटॉरी आपल्याला सर्वात जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. पण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, उणे ६२.७ अंश. कोपरखैरण्यातून तो क्षितिजावर जेमतेम आठ अंश चढतो, म्हणजे खाडीवरच्या धुरकटात आणि समोरच्या इमारतींत. बाद. ट्रॅपिस्ट-१ला सात ग्रह आहेत, पण तो दृश्य प्रकाशात १८.८ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). इथल्या आकाशात त्याचं नाव काढू नये. जीजे १२१४ १४.७ प्रतीचा, त्याचा ग्रह दर १.५८ दिवसांनी ५२ मिनिटांचं अधिक्रमण करतो, म्हणजे ताऱ्यासमोरून जातो, आणि प्रकाश सुमारे १.४ टक्के घटतो. तो उन्हाळ्याच्या तोंडावर बघू.

उरला एडी लिओनिस, पुढे नुसतं 'एडी लिओ'. अंतर १६ प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या ०.४२ पट, दृश्य प्रत ९.४, निळ्यात १०.९. स्वतःभोवती २.२३ दिवसांत फिरतो. वेगाने फिरणारा लाल बटू म्हणजे तापट चुंबकीय क्षेत्र, म्हणजे ज्वाला: ताऱ्यावर अचानक होणारा प्रकाशाचा उफाळा.

त्याला ग्रह असल्याचं २०१८मध्ये म्हटलं गेलं होतं, कक्षाकाळ नेमका २.२३ दिवस. कक्षाकाळ आणि ताऱ्याचं परिवलन तंतोतंत जुळलं की शंका घ्यावी. २०२०मध्ये अवरक्त वर्णपटांतून तपासलं तेव्हा कळलं, की तो ताऱ्यावरच्या डागांचा खेळ होता. ग्रहाच्या ओढीने होणारी ताऱ्याची हालचाल सगळ्या रंगांत सारखी दिसते, डागांमुळे भासणारी अवरक्तात कमी होते.

म्हणून या प्रकल्पात ग्रह शोधायचा नाही. ज्वाला पकडायची, तिची ऊर्जा काढायची, आणि वसतियोग्य अंतरावर ग्रह असता तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं त्याचा हिशेब मांडायचा.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर मांजाचा गुंता. केबल टाकण्याआधी सगळा कापून काढला. दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या डेक्लिनेशन अक्षाच्या फटीत मांजा गेला तर मोटर ओढत राहते आणि दोष गिअरचा वाटतो.

१८ जानेवारी, शनिवार

माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, उभा केला. ८ इंची न्यूटोनियन आरसा-दुर्बीण (२०३ मिमी, नाभीय अंतर १००० मिमी), जर्मन विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा), १५०० × १५०० पिक्सेलवर चालवलेला मोनो कॅमेरा. मूळ सेन्सर ३००८ × ३००८, पण २ × २ बिनिंग केलं, म्हणजे चार पिक्सेलांचा एक. पूर्ण आकाराची एक फाइल १८ एमबी होते, आणि दर साडेअकरा सेकंदांना एक म्हणजे तासाला साडेपाच जीबी. बिनिंग करून तेच १.४ जीबीवर येतं. एका पिक्सेलला १.५५ विकला, क्षेत्र ३९ कला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला).

आल्ट-अ‍ॅझिमथ (वर-खाली आणि आडवा फिरणारा) माउंट घरात पडून होता, तो का नको याचा हिशेब लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एडी लिओची आजची क्रांती १९ अंश ४४ कला, कोपरखैरण्याचा अक्षांश १९ अंश ६ कला. मध्यान्हाला, म्हणजे आकाशात सर्वात उंच असताना, तारा खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) फक्त ३८ कलांवरून जातो. त्या क्षणी आल्ट-अ‍ॅझिमथ माउंटवर चित्र मिनिटाला वीसेक अंश गरगरतं. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कडेचे तारे चक्क चाप होतात. विषुववृत्तीय माउंटला मात्र ही जागा सोन्याची: हवेचा थर सर्वात पातळ, निळ्या प्रकाशाचा ऱ्हास सर्वात कमी.

आपल्या अक्षांशाचा एक त्रास मात्र आहे. ध्रुव अक्ष जेमतेम १९ अंश वर, त्यामुळे काउंटरवेटची दांडी खाली येताना तिपाईच्या पायावर आपटते. तिपाई फिरवून एक पाय बरोबर दक्षिणेला केला आणि माउंटखाली २० सेंमीचा पाइप वाढवला. आता वजन पायापासून चार बोटं दूर जातं. मागचा उंची-बोल्ट जवळजवळ पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो हाताने घट्ट करायचा, पान्याने पिळला की आटे जातात.

तिपाईची टोकं थेट गच्चीवर टेकवायची नाहीत. चायना मोझॅकखाली वॉटरप्रूफिंग आहे. प्रत्येक पायाखाली एक फूट बाय एक फूट कडप्पा, त्याखाली रबर. लिफ्टच्या मशीन रूमपासून नऊ मीटर दूर, तरी टाकीचा पंप चालू झाला की तारे लांबुळके होतात. पंपाची वेळ रात्री साडेदहाआधी करून घेतली.

ध्रुवतारा इथून दिसत नाही, उत्तरेला इमारत आहे. ध्रुव जुळवणी तीन बिंदूंच्या प्लेट-सॉल्व्ह पद्धतीने (चित्रातले तारे सूचीशी जुळवून दिशा काढणं), पूर्वेकडच्या मोकळ्या आकाशात. चूक दोन कलांच्या आत आणली. तेवढं पुरतं, गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून दिशा सुधारत राहणं) चालूच असतं.

२५ जानेवारी, शनिवार

पहिली रात्र. तारा मध्यान्हाला पहाटे २:३८ला, त्यामुळे रात्री १२ ते ४. फुकट गेली, पण चुका चांगल्या सापडल्या.

पहिली: अ‍ॅस्ट्रोइमेजजे या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये छिद्र म्हणजे मापनाचं वर्तुळ २००० सालच्या सूचीतल्या स्थानावर ठेवलं. एडी लिओ दर वर्षी अर्धी विकला पश्चिमेला सरकतो. २५ वर्षांत साडेबारा विकला, म्हणजे आठ पिक्सेल. आपलं वर्तुळ पाच पिक्सेल त्रिज्येचं. तासभर रिकामं आकाश मोजलं. जवळच्या लाल बटूंच्या बाबतीत हे कायम होणार, स्थान नेहमी आजच्या तारखेचं घ्यायचं आणि केंद्र शोधण्याची सोय चालू ठेवायची.

दुसरी: गॅमा लिओनिस. सिंह राशीत मघांच्या विळ्यातला हा दुसऱ्या प्रतीचा तारा एडी लिओपासून फक्त साडेपाच कलांवर आहे. प्रत्यक्षात तो १३० प्रकाशवर्षं दूर, दोघांचा संबंध काही नाही, पण निळ्यात एडी लिओच्या हजारपट तेजस्वी. न्यूटोनियनच्या दुय्यम आरशाच्या चार पात्यांमुळे त्याला चार काटे फुटतात, आणि फोकसर हाताला सोयीचा म्हणून नळी जशी बसवली होती त्यात एक काटा थेट एडी लिओवरून जात होता. काट्याची चमक वाऱ्याबरोबर थरथरते, तशी आपली मोजणीही.

उपाय: नळी कड्यांमध्ये ४५ अंश फिरवली. आता एडी लिओ दोन काट्यांच्या मधोमध. चार पाती असल्याने माउंट मध्यान्हाला उलटला तरी काटे तिथेच राहतात. नळी फिरवल्यावर कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, पुन्हा तपासलं, किंचित सरकलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

काटे गेले, पण गॅमाभोवती एक फिकट गोल तबकडी उरली. सेन्सर आणि त्यासमोरची काच यांच्यात प्रकाश दोनदा परावर्तित होऊन बनणारी भूतप्रतिमा. मोजली तर व्यास ११ कला. म्हणजे तिची कड बरोबर एडी लिओच्या वर्तुळाला चाटून जाते. आकाश मोजायचं कंकण अर्धं तबकडीत, अर्धं बाहेर, पार्श्वभूमी चुकणारच.

क्षेत्र पश्चिमेला सरकवलं. एडी लिओ आता पूर्व कडेपासून चार कला आत, गॅमा सव्वा कला चौकटीबाहेर. तबकडी मेली नाही, पण मंद होऊन एकपंचमांशावर आली. दोन्ही तुलनातारे (ज्यांच्याशी तेज ताडून बघायचं; नोंदीत क आणि ख) आणि पडताळा तारा (मोजणी स्थिर आहे ना ते बघायला) पश्चिमेकडचेच निवडले.

फिल्टर: ज्योतिर्मापनाचा (ताऱ्यांचं तेज मोजण्याचा) निळा, बी. आधी छायाचित्रणाचा निळा लावून बघितला होता. तो ७०० नॅनोमीटरच्या पुढे थोडा प्रकाश सोडतो. सूर्यासारख्या ताऱ्याला ते चालून जातं; लाल बटूचा बहुतेक प्रकाश तिकडेच असतो. ज्वाला असते ९ ते १० हजार अंश केल्विनची, निळी-पांढरी, आणि तारा स्वतः ३४०० केल्विनच्या आसपास. गळून आलेला लाल प्रकाश ज्वालेत पाणी घालतो. बी फिल्टरमागे अवरक्त-रोधक काचही ठेवली.

एक्स्पोजर १० सेकंद, कॅमेरा उणे ५ अंशांवर. मोजणीचा अंदाज: एडी लिओकडून सुमारे ६०,००० इलेक्ट्रॉन, त्यातून ४ हजारांश प्रत गोंगाट, तारा लुकलुकण्यातून आणखी २.७. एकूण ५. प्रत्यक्षात ७ ते ८ येतोय. वाईट नाही. शहराच्या उजेडाची सगळे तक्रार करतात, पण अकराव्या प्रतीच्या ताऱ्याला निळ्यात शहराचं आकाश सहाव्या भागाइतकंच भर घालतं. आपला शत्रू उजेड नाही, गॅमा आहे.

१२ फेब्रुवारी

माघी पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र मघांपाशी येतो म्हणूनच महिन्याला माघ म्हणतात, आणि आपला तारा मघांतच. चंद्र एडी लिओपासून दहा अंशांच्या आत. निरीक्षण नाही.

फ्लॅट घेतले, म्हणजे सेन्सरची असमानता काढायला एकसारख्या उजेडाची चित्रं. एलईडी पॅनेलवर पांढरं अ‍ॅक्रिलिक. दोन सेकंदांपेक्षा छोट्या एक्स्पोजरला आडव्या पट्ट्या येतात, कारण पॅनेल प्रत्यक्षात लुकलुकत असतं. पॅनेल मंद केलं की लुकलुक वाढते. त्यामुळे ते पूर्ण तेजावर ठेवून वर कागदाचे दोन थर टाकले आणि ४ सेकंद दिले. ४० फ्लॅट, ४० डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रं).

२२ फेब्रुवारी, शनिवार

रात्री ९ ते २:३०. मध्यान्ह १२:४८ला. माउंट उलटल्यावर आलेखात १२ हजारांश प्रतीची पायरी दिसली. चित्र १८० अंश फिरतं, तारा सेन्सरच्या विरुद्ध कोपऱ्यात जातो, फ्लॅटमधली उरलीसुरली चूक तिथे वेगळी असते. दोन्ही भाग आपापल्या सरासरीने भागून जोडले. ज्वाला पायरीवरच आली तर ती गेली असं समजायचं.

११:१६ला 'ज्वाला': एका चौकटीत ०.०९ प्रत उजळ, पुढच्या चौकटीत पूर्ववत. चित्र उघडलं तर सगळी पार्श्वभूमी वर गेलेली आणि कोपऱ्यात पट्टा. विमान. मुंबईच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून उतरणारी विमानं नवी मुंबईवरून जातात आणि हवेत धूळ असली की त्यांचे दिवे आख्खं क्षेत्र उजळतात. नियम केला: सलग तीन चौकटी, पडताळा तारा स्थिर, पार्श्वभूमी स्थिर. तिन्ही नसेल तर ज्वाला म्हणायचं नाही.

लॅपटॉपचं घड्याळ एका रात्रीत दोन सेकंद पुढे पळालं. आता दर दहा मिनिटांनी नेटवरून जुळवतो, आणि वेळ एक्स्पोजरच्या मध्याची नोंदतो.

१ मार्च, शनिवार

ज्वाला मिळाली. काल अमावास्या होऊन गेलेली, वारा खाडीकडून मंद.

वेळ रात्री ११:४१. शांत पातळीपेक्षा किती प्रत उजळ, ते असं:

११:४१:०८, शून्य.
११:४१:२०, ०.०३.
११:४१:३१, ०.०९.
११:४१:४३, ०.१२. माथा.
११:४२:०६, ०.०९.
११:४३:०३, ०.०६.
११:४४:५८, ०.०३.
११:४९:४८, ०.०१, म्हणजे गोंगाटात.

ही ठळक वाचनं. मधल्या चौकटी फाइलीत आहेत. चढ ३५ सेकंदांचा, उतार आठ मिनिटांचा आणि तोही आधी खडा, मग रेंगाळणारा. ज्वालेची ओळख हीच. पडताळा तारा पूर्णवेळ ०.००८च्या आत, विमान नाही, गायडिंग सरळ. शिवाय मध्यान्हाला अजून चाळीसेक मिनिटं होती, पायरीचा प्रश्न नाही.

एक्स्पोजर ३० सेकंदांचं ठेवलं असतं तर माथा ०.१०च्याही खाली दबला असता आणि चढावर जेमतेम एक बिंदू मिळाला असता. ६० सेकंदांना ही ज्वाला संशयास्पद ढिगारा ठरली असती.

३ मार्च

हिशेब. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं: समतुल्य कालावधी १९ सेकंद. म्हणजे ज्वालेने बी पट्ट्यात दिलेला जादा प्रकाश, शांत ताऱ्याच्या त्याच पट्ट्यातल्या १९ सेकंदांच्या प्रकाशाएवढा. एडी लिओची बी पट्ट्यातली शक्ती प्रत आणि अंतरावरून ७.६ गुणिले १०चा २२वा घात वॅट येते. गुणाकार केला की १.४ गुणिले १०चा २४वा घात ज्यूल.

आता ग्रह. एडी लिओची एकूण तेजस्विता सूर्याच्या सुमारे ०.०२३ पट. पृथ्वीइतकी ऊर्जा मिळायची तर ग्रह ०.१५ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.१५ पट) हवा. केप्लरच्या नियमाने त्याचं वर्ष पावणेतेहतीस दिवसांचं. तिथून तारा आपल्या सूर्याच्या अडीच ते तीन पट रुंद दिसेल. इतक्या जवळ भरती-ओहोटीचं बल ग्रहाचं परिवलन हळूहळू जखडून टाकतं. एक बाजू कायम उजेडात राहण्याची शक्यता मोठी.

आपल्या ज्वालेची ऊर्जा त्या अंतराच्या गोलावर पसरली तर चौरस मीटरला २२० ज्यूल. आणि तारा शांत असतानाच दर सेकंदाला देतो सुमारे १३९० ज्यूल. म्हणजे आठ मिनिटं चाललेली ज्वाला बी पट्ट्यात ग्रहाला देते सेकंदाच्या सहाव्या भागाइतकं ऊन. आकडा दोनदा तपासला. बरोबर आहे.

'ज्वालांनी ग्रह भाजून निघतात' असं सर्रास लिहिलं जातं, ते या अर्थाने खोटं आहे. उष्णता नगण्य. घात होतो तो अतिनील किरणांनी आणि ज्वालेबरोबर सुटणाऱ्या कणांनी, आणि हे दोन्ही आपल्या बी फिल्टरला दिसत नाहीत. शांत लाल बटू अतिनीलमध्ये अगदी कंजूष, त्यामुळे तिथली उसळी भयंकर असते. प्रॉक्सिमाच्या १ मे २०१९च्या ज्वालेत अतिनील तेज काही सेकंदांत १४,००० पट झालं होतं. दृश्य प्रकाशात तसं काही नव्हतं.

एडी लिओचीच १२ एप्रिल १९८५ची ज्वाला प्रसिद्ध आहे. चार तासांहून जास्त चाललेली, सुमारे १०चा २७वा घात ज्यूल, म्हणजे आपल्या ज्वालेच्या शेकडो पट. ती घेऊन २०१०मध्ये पृथ्वीसारख्या वातावरणावर गणित झालं. नुसत्या अतिनीलने ओझोनचं फार बिघडलं नाही. ज्वालेबरोबर प्रोटॉनही आले असं धरलं तर नायट्रोजनची ऑक्साइडं बनून ओझोन ९४ टक्क्यांपर्यंत घटला, आणि तोही लगेच नव्हे, दोन वर्षांनी. दोन गणितांत फरक फक्त प्रोटॉनचा. प्रोटॉन ग्रहाच्या दिशेला येतात का, हे आपली कोणतीही दुर्बीण सांगणार नाही.

आणि हे सगळं वातावरण आहे असं धरून. ट्रॅपिस्ट-१च्या सर्वात आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू जेम्स वेब दुर्बिणीने २०२३मध्ये मोजली, सुमारे ५०० केल्विन. उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेणारं वातावरण असतं तर ती इतकी तापली नसती.

१३ मार्च

होळी. रात्री साडेआठपासून सेक्टरभर धूर. झाकण घातलं.

२२ मार्च, शनिवार

तारा मध्यान्हाला १०:५८ला, त्यामुळे साडेसातपासून सव्वादोनपर्यंत. दोन गोष्टी.

रात्री एकनंतर एडी लिओ पश्चिमेला उतरू लागला तसा हळूहळू 'उजळ' होत गेला, तासाला ०.०१५ प्रत. ज्वाला नाही, हवेचा परिणाम. तुलनातारे निळसर, एडी लिओ तांबडा. तारे खाली जाताना हवा निळा प्रकाश जास्त खाते, तुलनातारे जास्त मंदावतात, आणि गुणोत्तरात आपला तारा चढल्यासारखा दिसतो. तितकाच तांबडा आणि पुरेसा तेजस्वी तुलनातारा या क्षेत्रात नाही. उंची ४५ अंशांखाली गेली की थांबायचं, आणि उरलेला कल सरळ रेषेने काढायचा. मोठ्या वक्राने काढू नये, त्यात ज्वालेचा उतारही वाहून जातो.

दुसरी, दव. खाडीची दमट हवा, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर. तारे सगळे एकत्र मंदावतात म्हणून आधी कळत नाही, गुणोत्तर ठीक दिसतं. मग चौकटीबाहेरच्या गॅमाचं वलय फुगतं, पूर्व कडेची पार्श्वभूमी वर जाते आणि एडी लिओच तेवढा घसरतो. पुढच्या वेळी पूर्व आणि पश्चिम कडेच्या पार्श्वभूमीचा फरक वेगळ्या रकान्यात नोंदवायचा. तो पाच टक्क्यांच्या वर गेला की दुय्यम आरशामागची उष्णपट्टी वाढवायची. पट्टी पूर्ण जोरात नको, नळीत गरम हवा फिरते आणि तारे पसरतात. चाळीस टक्के पुरली.

५ एप्रिल, शनिवार

हंगामातली शेवटची रात्र. धुरकट वाढलं, गोंगाट ११ हजारांशावर. ज्वाला नाही. ०.०२ प्रतीची एक शंका, सलग दोनच चौकटी, नियमाप्रमाणे बाद.

एकूण सात रात्री, २६ तास वापरण्याजोगे, खात्रीची ज्वाला एक. परिवलनाचा २.२३ दिवसांचा चढउतार आपल्या माहितीत दिसला नाही, आणि ते अपेक्षितच: हा तारा जवळजवळ ध्रुवाकडून दिसतो, त्यामुळे बरेचसे डाग मावळतच नाहीत.

१ मार्चची मोजणी एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेच्या साच्यात भरली: वेळ हेलिओसेंट्रिक (सूर्यावरून मोजल्यासारखी), फिल्टर बी, तुलनातारा क, पडताळा तारा. कच्च्या फाइली दोन हार्ड डिस्कवर.

१२ एप्रिल, शनिवार

आवराआवर. आरसा पुसलेला नाही. खाडीच्या खारट धुळीचा थर आहे, पण तो घासला की मुलामा जातो; पावसाळ्याआधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढायचा. कॅमेऱ्यातली सिलिका जेल बदलली, बोल्टांना ग्रीस, माउंट ताडपत्रीत नाही तर घरात. ताडपत्रीखाली वाफ कोंडते आणि गंज आधी बेअरिंगला धरतो.

मे महिन्यात जमलं तर जीजे १२१४चं एक अधिक्रमण, अवरक्ताजवळच्या आय फिल्टरमध्ये. तो इथून ७६ अंश चढतो. ऑक्टोबरात एयू मायक्रोस्कोपी: प्रत ८.६, वय जेमतेम दोन-सव्वादोन कोटी वर्षं, ज्वाला भरपूर आणि सोबत खरोखरचे ग्रह. दक्षिणेला ३९ अंशांपर्यंतच येतो, पण त्या बाजूला गच्ची मोकळी आहे आणि शेजारी गॅमा लिओनिससारखं कोणी नाही.